बाही घालताना आजी हात का झटकतात

नर्सिंग होममध्ये संध्याकाळी स्वेटर घालायची वेळ. मावशी आजींचा उजवा हात बाहीत घालायला उचलतात आणि आजी एकदम हात झटकतात, ओरडतात, एखादवेळी मावशींना नखंही लागतात. काल पण असंच, परवा पण असंच. आजींना डिमेन्शिया (आठवण आणि समज कमी होत जाणारा आजार) आहे, बोलणं जवळजवळ थांबलंय, त्यामुळे काय होतंय ते त्यांना सांगता येत नाही. मग रजिस्टरमध्ये लिहिलं जातं 'पेशंट अ‍ॅग्रेसिव्ह', पुढच्या राऊंडला डॉक्टर ते वाचतात आणि शांत राहण्यासाठी एक गोळी सुरू होते.

आता समजा असं झालं तर पुढे काय काय होऊ शकतं बघा. गोळीने आजी गुंगीत राहायला लागतात, गुंगीतला माणूस पाणी मागत नाही, दोन घास कमी खातो, मग अंगातलं पाणी कमी होतं, पोट साफ होत नाही, गोंधळ वाढतो. गोंधळ वाढला म्हणून लघवी तपासायला जाते, लघवीत जंतू निघतात, अँटिबायोटिक सुरू, त्याने जुलाब, जुलाबाने अजून अशक्तपणा, दिवसभर अंथरुणात, आणि आठवड्याभरात माकडहाडावर लाल चट्टा. दुखत होता तो खांदा, आणि खांद्याकडे अजून कुणी बघितलेलंच नाही.

नर्सिंग होम म्हणजे इथे छोटं खाजगी हॉस्पिटल असं धरू नका. जिथे म्हातारी माणसं कायमची राहायला असतात आणि चोवीस तास नर्सिंगची सोय असते त्या जागेबद्दल मी बोलतोय. तिथे हॉस्पिटलसारखी सारखी तपासणी नसते, डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, आणि सगळ्यात जास्त वेळ पेशंटजवळ असतात ते अंघोळ घालणारे, भरवणारे, डायपर बदलणारे मावशी-मामा. त्यांनी जे बघितलं ते डॉक्टरपर्यंत नीट पोचलं तर काळजी सुधारते, नाही पोचलं तर कितीही महाग उपकरणं आणा, फार फरक पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला आधार देणारं संशोधनही आहे.

२००० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नर्सिंग होममधल्या अटेंडंट लोकांना एक साधा फॉर्म दिला होता, की आज हे माणूस नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय का, गळून गेल्यासारखं, जास्त चिडलेलं, कमी बोलणारं वगैरे. त्यात असं दिसलं की आजारपणाची चिन्हं अटेंडंटनी टिपली त्यानंतर सरासरी ५ दिवसांनी ती केस पेपरवर आली. ५ दिवस! ८५ वर्षांच्या माणसाला न्यूमोनिया होत असेल तर ५ दिवसांत काय होऊ शकतं याचा विचार करा. यातूनच पुढे काही ठिकाणी 'आज काहीतरी बिनसलंय' एवढंच सांगायचे छोटे फॉर्म सुरू झाले. पण नुसता फॉर्म छापून उपयोग नाही. तो भरल्यावर त्याच शिफ्टमध्ये सिस्टरने येऊन बघितलं पाहिजे, नाहीतर दोन आठवड्यांत लोक भरायचं सोडून देतात, आणि त्यांची काय चूक?

हे इतकं महत्त्वाचं का, तर म्हातारपणी आजार पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. तरुणाला न्यूमोनिया झाला की ताप, खोकला, छातीत दुखणं. नव्वदीच्या आजोबांना झाला की ते फक्त जेवायचं बंद करतात, किंवा पडतात, किंवा अचानक ओळख विसरतात. तापाचंही तसंच, मूळ तापमानच कमी असतं म्हणून १०१ ची वाट बघत बसलं तर उशीर होतो. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने अशा ठिकाणांसाठी २००८ च्या गाइडलाइनमध्ये वेगळा हिशोब सांगितलाय. तोंडातलं तापमान एकदा जरी १०० फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर राहिलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ डिग्रीने वाढलं, तर तो ताप धरायचा. म्हणजे प्रत्येकाचं नेहमीचं तापमान आधी लिहून ठेवलेलं पाहिजे. आणि श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास दिसले तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. घड्याळ सोडून काहीही लागत नाही याला, तरी घाईत हेच राहून जातं किंवा अंदाजाने २० लिहिलं जातं.

आता त्या खांद्याकडे येऊ. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं मोजायचं कसं? २००३ मध्ये पेनॅड नावाची दुखणं मोजायची एक मोजपट्टी आली, त्यात पाच गोष्टी बघायच्या: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची हालचाल, आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १० पैकी. माणूस स्वस्थ पडलेला असताना गुण दिले तर शून्य येईल आणि तुम्ही म्हणाल दुखत नाहीये, म्हणून हे कूस बदलताना, उठवताना, कपडे घालताना बघायचं असतं. कपाळावर आठी येते का, श्वास रोखला जातो का, मूठ आवळली जाते का, आणि हे एकाच हाताला होतं की दोन्ही हातांना. दोन्ही हातांना होत असेल तर कदाचित भीती असेल, मागून अचानक हात धरला म्हणून. एकाच हाताला होत असेल तर तो सांधा तपासा. मावशींनी रजिस्टरमध्ये 'अ‍ॅग्रेसिव्ह' ऐवजी 'उजवा हात खांद्याच्या वर उचलला की ओरडतात, डावा उचलला तर नाही' असं लिहिलं तर डॉक्टरला अर्धं निदान हातात मिळतं.

२०११ मध्ये नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होम्समध्ये यावर एक चांगली ट्रायल झाली. मध्यम ते तीव्र डिमेन्शिया असलेले आणि अस्वस्थ, आरडाओरडा करणारे ३५२ लोक घेतले. काहींना ८ आठवडे टप्प्याटप्प्याने वेदनेवर उपचार दिले, बाकीच्यांना नेहमीचीच काळजी. बहुतेकांना पहिल्या टप्प्यातलं साधं पॅरासिटामॉलच पुरलं, दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम. ८ आठवड्यांनी उपचार मिळालेल्या गटात अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाला. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो कारण ज्याला आपण वागणुकीचा प्रॉब्लेम म्हणत होतो त्यातला बराच भाग दुखणं होतं, आणि त्यावर औषधांच्या कपाटात पहिल्यापासून पडलेली गोळी चालली.

याच्या उलट शांत करणाऱ्या गोळ्यांचं बघा. अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात भास-भ्रमासारख्या मानसिक आजारांची औषधं, डिमेन्शियात दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो अशी सगळ्यात कडक इशारेवजा सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये नव्या अँटिसायकोटिक औषधांवर छापायला लावली, आणि २००८ मध्ये जुन्यांवरही. १७ ट्रायल्स एकत्र बघितल्या होत्या. साधारण १० आठवड्यांच्या ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्यांत सुमारे ४.५ टक्के दगावले, खोटी गोळी घेणाऱ्यांत सुमारे २.६ टक्के. म्हणून ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नाही. माणसाला भयंकर भास होतायत, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी वेळ आलीय, बाकीचे उपाय करून झालेत, तर कमीत कमी डोस, थोड्या दिवसांसाठी, आणि बंद कधी करायचं याची तारीख सुरू करतानाच लिहून. ती तारीख लिहिली जात नाही म्हणून गोळी वर्षानुवर्षं चालू राहते.

एकूणच गोळ्यांचा विषय मोठा आहे. रोज पाच किंवा जास्त औषधं चालू असली की त्याला सहसा पॉलिफार्मसी म्हणतात, आणि नर्सिंग होममध्ये तेवढ्या गोळ्या असणं अगदी नेहमीचं. वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं, त्यामुळे डायझेपामसारखं (घबराट, झोप यासाठी देतात ते) चरबीत मुरणारं औषध दिवसचे दिवस अंगात राहतं. किडनी हळू गाळते. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे: किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, म्हाताऱ्या बारीक माणसाचे स्नायूच कमी, म्हणून रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन नॉर्मल दिसलं तरी किडनीचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. वय आणि वजन घालून हिशोब केल्याशिवाय डोस ठरवूच नये.

मग एका औषधाचा साइड इफेक्ट नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, असं होतं. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन, त्याने पाय सुजतात, सुजेसाठी लघवी होणारी गोळी, मग रात्री तीनदा बाथरूमला जाणं, लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन, त्याने तोंड कोरडं, पोट साफ नाही आणि डोक्यात गोंधळ, आणि अशाच एका रात्री अंधारात पडून खुब्याचं हाड मोडणं. अमेरिकेतले डॉक्टर मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्या लोकांत टाळलेली बरी अशा औषधांची यादी काढली, ती मुळात नर्सिंग होममधल्या लोकांसाठीच होती आणि अजून वेळोवेळी सुधारली जाते. तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा की यातली प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि अजून लागते का. स्वतःहून मात्र काही बंद करू नका. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, त्या हळूहळू उतरवाव्या लागतात.

लघवीचं आता. हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं कारण विश्वास बसत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या बायकांपैकी २५ ते ५० टक्के आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के लोकांच्या लघवीत कुठलाही त्रास नसताना जंतू सापडतात, कॅथेटर (लघवीची नळी) नसलेल्या लोकांचा हा आकडा आहे. ते तिथे नुसते राहतात. त्यांना अँटिबायोटिक देऊन माणूस जास्त जगत नाही, बरंही वाटत नाही, उलट जुलाब होतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. लघवीला वास येतो, गढूळ दिसते, एवढ्यावरून टेस्ट पाठवू नये. लघवी करताना आग, ताप, कमरेत दुखणं, नव्याने लघवी न आवरणं असं काही असेल तर जरूर पाठवा. नुसता गोंधळ वाढला असेल आणि माणूस बाकी ठीक असेल तर आधी पाणी, पोट, दुखणं, नवी गोळी, झोप, ऐकायचं मशीन कानात आहे का हे बघायचं आणि बारीक लक्ष ठेवायचं. जंतू सापडले की सगळे शोध थांबवतात आणि खरं कारण तसंच राहतं, हा यातला सगळ्यात मोठा तोटा.

पाण्याबद्दल एक गोष्ट. वयाबरोबर तहानच कमी लागते, म्हणून 'मागतील तेव्हा देऊ' हे चालत नाही, आणि कातडी चिमटीत धरून बघायची युक्तीही बिनभरवशाची कारण कातडी तशीही सैल असते. ग्लास समोर ठेवून निघून जाऊ नका, हातात द्या, दोन घोट होईपर्यंत थांबा.

तोंडाची सफाई तर फारच दुर्लक्षित. झोपेत लाळ श्वासनळीत उतरते आणि तिच्याबरोबर दातांवरचे जंतू फुफ्फुसात जातात. जपानमध्ये ११ नर्सिंग होम्समध्ये दोन वर्षं अभ्यास केला, २००२ मध्ये छापून आला. प्रत्येक जेवणानंतर दात घासून दिले त्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, नाही घासले त्या गटात १९ टक्के लोकांना. नंतर अमेरिकेत क्लोरहेक्सिडिन हे तोंडात वापरायचं जंतुनाशक वापरून मोठी ट्रायल झाली तेव्हा न्यूमोनिया कमी झाला नाही, त्यामुळे आकड्यांवर वाद आहे, पण स्वच्छ तोंडाने माणूस नीट खातो एवढं तरी नक्की, आणि कवळी रात्री काढून ठेवायला काही लागत नाही.

खाण्याचा परिणाम किती असतो ते ऑस्ट्रेलियातल्या ६० संस्थांमधल्या ७,१९५ लोकांवरच्या ट्रायलमध्ये दिसलं, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या संस्थांमध्ये दूध, दही, चीज वाढवून कॅल्शियम आणि प्रोटीन वाढवलं, बाकी काही नाही. दोन वर्षांत हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी, खुब्याची ४६ टक्क्यांनी कमी, पडण्याचं प्रमाणसुद्धा ११ टक्क्यांनी खाली. स्वयंपाकघरातून एवढा फरक. आणि पडू नयेत म्हणून खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवणं कृपा करून कुणी करू नका, त्याने स्नायू गळतात, एकाच जागी दाब पडून जखमा (बेडसोअर) होतात, आणि बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो.

शेवटच्या टप्प्याबद्दलही बोलायला हवं, नातेवाईकांना ते नको असतं तरी. बोस्टनच्या आसपासच्या २२ नर्सिंग होम्समधल्या तीव्र डिमेन्शियाच्या ३२३ लोकांना १८ महिने फॉलो केलं, २००९ चा अभ्यास आहे. ८६ टक्के लोकांना खाण्यात अडचण आली, ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. ज्यांच्या घरच्यांना हा आजार कुठे चाललाय आणि पुढे कुठले त्रास येणार हे नीट समजलेलं होतं, त्यांना शेवटच्या तीन महिन्यांत हॉस्पिटलच्या फेऱ्या, नळ्या, सलाइन असले त्रासदायक उपचार खूपच कमी झाले. हे बोलणं डॉक्टरने आधीच, शांतपणे बसून करायचं असतं, रात्री अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी असताना नाही.

त्या आजींचा खांदा तपासला आणि जॉइंट आखडलाय असं निघालं तर काय करायचं? डॉक्टरांना विचारून अंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल. पुढून उघडणारा, सैल बाहीचा स्वेटर. समोर बसून, चेहरा दिसेल असं, आधी सांगायचं की आता हात घालूया. घालताना दुखरा हात पहिला, खाली ठेवूनच, बाहीच वर सरकवत न्यायची, मग दुसरा हात. काढताना उलटं, चांगला हात आधी, दुखरा शेवटी. आणि हे पलंगाजवळ लिहून लावायचं, म्हणजे रात्रपाळीच्या मावशींनाही कळेल.