शेवटचं बटण मुलाला लावू द्या : पालकांसाठी माहितीपत्रक

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं मुलाला स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून दिलेले उपचार, हे आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आता सांगावं लागत नाही. पण "अजून किती सिटिंग?" हा प्रश्न काही सुटत नाही. त्याचं निम्मं उत्तर तुमच्या घरी, सकाळच्या गडबडीत आहे.

मूल इथे शर्टाची बटणं लावायला शिकतं. दुसऱ्या दिवशी खाली व्हॅनचा हॉर्न वाजतो आणि आई किंवा आजी भराभर सगळी बटणं लावून मोकळी होते. आठवडाभर हेच. मग पुढच्या सिटिंगला आम्ही परत पहिल्या बटणावर. हालचालींचा मेळ जमायला जड जाणाऱ्या मुलांना तीच कृती इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा करावी लागते. मूल आळशी नसतं, बुद्धीनेही कमी नसतं. पण आमचा पाऊण तास त्याला पुरत नाही.

घाई खरीच असते. म्हणून वरची बटणं तुम्ही लावा, सगळ्यात खालचं त्याच्यासाठी ठेवा. तेही जड गेलं तर बटण काजातून अर्धं सरकवून द्या, ओढून त्याने घ्यावं. जमलं की खालची दोन त्याची. गळ्याजवळचं बटण डोळ्यांना दिसत नाही, ते सर्वात शेवटी. बुटाची नाडी, डब्याचं झाकण यांनाही हीच रीत. नवीन काही शिकवायचं तर रविवारी.

"इथे नुसता खेळच चालतो, अक्षर कधी सुधारणार?" चेंडू झेलून अक्षर सुधारत नाही, हे आम्हालाही मान्य. त्यासाठी त्याच सिटिंगमध्ये पेन्सिलही हातात असते. पण झेल सुटतात म्हणून खेळात कोणी घेत नाही, हे त्या मुलाला अक्षरापेक्षा जास्त लागतं. शुद्धलेखनाची पानंच्या पानं मात्र घरी लिहून घेऊ नका. हात दुखतो आणि वहीचा तिटकारा बसतो.

परीक्षेतल्या सवलतीचा दाखला आम्ही देत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचा, म्हणजे हालचालींचा मेळ न जमण्याच्या याच अडचणीचा, उल्लेख आहे, पण दाखला सरकारमान्य वैद्यकीय यंत्रणेचाच लागतो. त्यासाठी आमचा अहवाल हवा असल्यास लिहून देतो.

पहिल्या भेटीला शाळेची वही, रोजचा डबा आणि नाडीचे बूट आणा. प्रत्येक सिटिंगला घरचं एक माणूस आत बसू शकतं, त्याची वेगळी फी नाही. आजी-आजोबा आले तर उत्तमच. सिन्नर, निफाडहून येणाऱ्यांनी घरच्या सरावाचा व्हिडिओ पाठवला तर आम्ही तो पाहून सुधारणा सुचवतो, एक फेरी वाचते.

आधी येत असलेली कृती मुलाला येईनाशी झाली किंवा ते अचानक वरचेवर पडू लागलं, तर आमची अपॉइंटमेंट बाजूला ठेवा, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.