प्रस्थापित मोटार कंपन्या आणि विद्युत गाड्या

पेट्रोल-डिझेलच्या गाड्या विकून मोठ्या झालेल्या कंपन्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या धंद्यात उतरणे ही प्रक्रिया १९९०च्या सुमारास चाचपडत सुरू झाली आणि २०१५नंतर तिला वेग आला. विजेची गाडी बनवणे हा त्यातला सर्वांत अवघड भाग कधीच नव्हता. १९००च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारींपैकी जवळपास एक तृतीयांश विजेवरच चालत. १९१२मध्ये कॅडिलॅकने विजेच्या स्टार्टरने सुरू होणारे इंजिन आणले. हँडल मारायची कटकट संपली आणि स्वस्त पेट्रोलपुढे बॅटरी मागे पडली. पुढच्या शंभर वर्षांत इंजिन, गिअरबॉक्स आणि सायलेन्सर यांच्याभोवती कारखाने, सुट्या भागांचे पुरवठादार आणि सर्व्हिसिंगवर पोट भरणारे डीलर उभे राहिले. नवी गाडी खपली की याच घडीला धक्का बसतो. त्यामुळे या कंपन्या आपण होऊन क्वचितच वळल्या. कधी कायद्याने, कधी बदनामीने, तर कधी एखाद्या नवख्या प्रतिस्पर्ध्याने त्यांना ढकलले.

सुरुवातीचे प्रयत्न : जनरल मोटर्सने लॉस एंजेलिसच्या १९९०च्या प्रदर्शनात ‘इम्पॅक्ट’ ही विजेची गाडी मांडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नियम केला, की मोठ्या कंपन्यांच्या राज्यातील विक्रीत १९९८पर्यंत २ टक्के आणि २००३पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. हौसेने दाखवलेला नमुना कंपनीच्या असा अंगाशी आला. १९९६मध्ये तिने ‘ईव्ही-१’ आणली, पण ती भाड्यानेच मिळे, विकत नाही. एकूण १,११७ गाड्या तयार झाल्या. कंपन्यांच्या विरोधामुळे नियम सैल होत गेला आणि गाड्या परत मागवण्यात आल्या. काही संग्रहालयांत गेल्या, बहुतेक चिरडून भंगारात काढल्या. पैसे मोजून त्या ठेवून घ्यायला तयार असलेल्या ग्राहकांनी निदर्शने केली, पण उपयोग झाला नाही. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनी हा कार्यक्रम गुंडाळणे ही आपली मोठी चूक असल्याचे पुढे मान्य केले.

जुन्या कंपन्यांपैकी मोठ्या संख्येने विकण्याच्या तयारीने विद्युत गाडी आणली ती निस्सानने. डिसेंबर २०१०मध्ये आलेल्या ‘लीफ’मध्ये २४ किलोवॅट-तासांची (वीजबिलाच्या भाषेत २४ युनिटांची) बॅटरी होती, मात्र ती थंड ठेवण्यासाठी द्रवाची सोय नव्हती. ॲरिझोनाच्या उन्हात दोनेक वर्षांतच या बॅटऱ्यांची ताकद घटल्याच्या तक्रारी आल्या. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. तोवर २०१२मध्ये टेस्लाची ‘मॉडेल एस’ आली होती आणि विजेची गाडी म्हणजे काटकसरीचे डबडे ही समजूत पुसली गेली.

फोक्सवॅगन : सर्वांत मोठे वळण एका लबाडीतून आले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर धूरतपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी दाखवते, हे सप्टेंबर २०१५मध्ये उघड झाले. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. अमेरिकेतील तडजोडीचा भाग म्हणून कंपनीला १० वर्षांत २०० कोटी डॉलर चार्जिंग केंद्रे आणि विद्युत गाड्यांच्या प्रसारावर खर्च करणे भाग पडले. ‘इलेक्ट्रिफाय अमेरिका’ हे जाळे त्यातूनच उभे राहिले. डिझेलवरचा भरवसा उडाल्यावर कंपनीने विद्युत गाड्यांसाठी ‘एमईबी’ हा स्वतंत्र प्लॅटफॉर्म, म्हणजे अनेक गाड्यांना चालणारा मूळ सांगाडा, तयार केला. पूर्व जर्मनीच्या काळात ‘ट्रॅबंट’ ही गाडी त्स्विकाऊ गावात बनत असे. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून जून २०२०मध्ये शेवटची इंजिनाची गाडी बाहेर पडली आणि पुढे तो केवळ विद्युत गाड्यांचा झाला.

घोडे अडले ते दुसरीकडेच. पत्रा, सांधे, रंग यांत कंपनी वाकबगार होती, पण पुरवठादारांनी दिलेल्या डझनावारी छोट्या संगणकांची मोळी बांधणे म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणे नव्हे. त्स्विकाऊत बनलेली ‘आयडी-३’ सॉफ्टवेअरच्या अडचणींमुळे रखडली. २०२४मध्ये कंपनीने रिव्हियन या अमेरिकेतल्या तरुण कंपनीशी ५८० कोटी डॉलरपर्यंतचा करार केला, तो मुख्यतः सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक रचना मिळवण्यासाठी. ज्या विद्येत बदनामी झाली तीच विकत घ्यावी लागली, असे म्हणायचा मोह आवरत नाही.

चीन आणि माघार : शेन्झेनची बीवायडी १९९५मध्ये बॅटरी कंपनी म्हणून सुरू झाली आणि मोटारींकडे नंतर आली. उलट्या दिशेने येण्याचा तिला फायदाच झाला, कारण गाडीतला सर्वांत महाग भाग ती स्वतः बनवत होती. मार्च २०२२मध्ये तिने निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बंद केल्या. २०२४मध्ये प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असे दोन्ही असलेल्या गाड्या) धरून जगात १ कोटी ७० लाखांहून अधिक विद्युत गाड्या खपल्या; त्यांतल्या १ कोटी १० लाखांहून अधिक एकट्या चीनमध्ये.

याच सुमारास पाश्चात्त्य कंपन्यांचे पाय मागे येऊ लागले. २०३०पर्यंत पूर्ण विद्युत होण्याचे व्होल्वोचे उद्दिष्ट २०२४मध्ये मागे घेतले गेले. मर्सिडीझनेही आपली मुदत सैल केली. फोर्डच्या विद्युत विभागाला २०२३मध्ये ४७० कोटी डॉलरचा तोटा झाला. अमेरिकेतील ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली.

भारत : बंगळूरची छोटी ‘रेव्हा’ २००१मध्ये बाजारात आली. घरी ती फारशी खपली नाही, लंडनमध्ये मात्र ‘जी-विझ’ नावाने धावली, कारण तिथे शहराच्या गजबजलेल्या मध्यभागात गाडी नेण्यावरचा गर्दीकर तिला माफ होता. २०१०मध्ये महिंद्राने या कंपनीचा ताबा घेतला. टाटा मोटर्स या बाजारात आली ती सरकारी गिऱ्हाइकामुळे. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने २०१७मध्ये १०,००० विद्युत गाड्यांची निविदा काढली आणि टाटाने ‘टिगोर’ विजेवर आणली. खासगी ग्राहकासाठीची ‘नेक्सॉन ईव्ही’ जानेवारी २०२०मध्ये आली. तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची आणि सुरुवातीची किंमत १३.९९ लाख रुपये होती. पुण्याजवळ रांजणगावला ती डिझेल-पेट्रोलच्या नेक्सॉनबरोबरच बने. चालू गाडीचा सांगाडा घेऊन त्यात बॅटरी बसवणे जाणकारांना तडजोड वाटे. ती तडजोड होतीच, पण खर्च आवाक्यात राहिला आणि फोक्सवॅगनसारखी जुगारी गुंतवणूक टळली. विद्युत गाड्यांवर जीएसटी ५ टक्केच असल्याने किमतीतला फरकही काहीसा भरून निघाला.

महिंद्राने वेगळी वाट धरली. ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या चाकणला बनणाऱ्या गाड्यांसाठी तिने स्वतंत्र प्लॅटफॉर्म उभारला. पहिलीचे नाव आधी ‘बीई ६ई’ होते. त्यातला ‘६ई’ हा आपल्या उड्डाणांचा संकेत म्हणून इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली आणि शेवटचा ‘ई’ गळला. या गाड्यांतले बॅटरीचे सेल मात्र बीवायडीचेच.

या बदलाची झळ पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्याला इतरांपेक्षा जास्त बसू शकते. क्रँकशाफ्ट, पिस्टन, गिअर, सायलेन्सर बनवणाऱ्या शेकडो लहानमोठ्या शेडांची कामे इंजिनावर अवलंबून आहेत आणि विजेच्या गाडीत यांतले जवळपास काहीच लागत नाही.

देशात सर्वाधिक मोटारी विकणारी मारुती सुझुकी यात बरीच उशिरा उतरली. तिची पहिली विद्युत गाडी ‘ई-विटारा’ ऑगस्ट २०२५मध्ये गुजरातच्या हंसलपूरमध्ये तयार होऊ लागली आणि देशातल्या शोरूममध्ये येण्याआधी पिपावाव बंदरातून युरोपला रवाना झाली.