ट्रेलरवरून मोटार ओढणे (मॅन्युअल गिअरच्या सेडानने)

एक मोटार ट्रेलरवर चढवून, बांधून, तो ट्रेलर दुसऱ्या मोटारीने ओढून नेण्याची रीत. हे काम बहुधा ट्रक, पिकअप किंवा जड बांध्याच्या उंच गाड्यांकडे जाते. प्रवासी सेडानने, त्यातही हाताने गिअर बदलायच्या सेडानने ते करता येते का, आणि येत असल्यास कोणत्या मर्यादेत, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. ट्रेलर न वापरता बंद गाडी दोरीने किंवा साखळीने ओढणे हा वेगळा प्रकार असून बोलीत त्याला ‘टोचन’ म्हणतात. या शब्दाचा संबंध ‘टोचणे’ या क्रियापदाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु इंग्रजी ‘टो’ आणि ‘चेन’ हे शब्द गॅरेजच्या बोलण्यात घासून एक झाले असावेत, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

*उगम.* मोटारीवर मोटार लादून नेण्याचा आरंभ कोणी केला, याबद्दल एकमत नाही. सामान्यतः अमेरिकेतील क्लीव्हलंडचे मोटारनिर्माते अलेक्झांडर विंटन यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या कंपनीने १८९८ मध्ये गाड्या विकायला सुरुवात केली. दूरच्या ग्राहकाकडे गाडी चालवत नेली तर ती पोचेपर्यंतच झिजे. म्हणून १८९८–९९ च्या सुमारास त्यांनी एका मोटारीच्या मागील भागावर पुढचे टोक टेकवलेला दुचाकी गाडा तयार केला आणि त्यावर नवी गाडी चढवून पाठवली, असे सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार हा मान डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांचा आहे. त्यांनी १९१४ मध्ये एका ग्राहकाची नाव वाहून नेण्यासाठी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला जोडायचा गाडा बनवला. त्या गाड्यावर मोटार नव्हती, नाव होती. त्यामुळे प्रस्तुत विषयापुरता विंटन यांचा दावा सरस ठरतो. ट्रेलरचा धंदा म्हणून विस्तार मात्र फ्रूहॉफ यांच्यापासूनच मोजावा लागतो. १९१६ च्या सुमारास टेनेसीतील चॅटनूगा येथे अर्नेस्ट होम्स यांनी बनवलेली ओढगाडी कधीकधी याच मालिकेत घेतली जाते, पण ती यारीने गाडी उचलणारी होती. ‘मॉडेल टी’ला आजच्या अर्थाने मॅन्युअल गिअरची गाडी म्हणता येत नाही, तिचे दोन वेग पायातल्या पेडलांनी बदलत. तेव्हा क्लच दाबून, दांडा सरकवून, मागे मोटार घेऊन चढ चढणारी पहिली गाडी कोणती, हा प्रश्न वरील तिन्ही नावांनी सुटत नाही.

*क्लचवरील भार.* मॅन्युअल गिअरबॉक्सचे दाते ओढकामात सहसा तुटत नाहीत. खरी मर्यादा क्लचची असते, आणि तीही धावताना येत नाही, उभी गाडी हलवताना येते. क्लच इंजिनाचा पीळ (टॉर्क) पुढे पोचवतो, वाढवत नाही. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर सुटण्याच्या क्षणी तोच पीळ सुमारे दुप्पट करतो आणि घर्षणाची उष्णता तेलात सोडतो. ते तेल थंड करता येते. क्लचमध्ये ती उष्णता प्लेटच्या अस्तरात, प्रेशर प्लेटमध्ये आणि फ्लायव्हीलच्या बिडात साठते. तेथून बाहेर पडायला तिला घंटेच्या आकाराच्या कवचातली थोडीशी हवा एवढीच वाट असते.

हा भार किती वाढतो, हे ढोबळ गणिताने दाखवता येते. चालकासह १,४०० किग्रॅ. वजनाची सेडान, मागे ४०० किग्रॅ. चा ट्रेलर आणि त्यावर ९०० किग्रॅ. ची छोटी मोटार, म्हणजे एकूण २,७०० किग्रॅ. धरू. पहिला गिअर व अंतिम गिअर मिळून १४ पटींची घट (इंजिनाच्या १४ फेऱ्यांत चाकाचा एक), चाकाची त्रिज्या ३० सेंमी. आणि इंजिनाचे मिनिटाला १,५०० फेरे. क्लच पूर्ण पकडेल तेव्हा वेग ताशी सुमारे १२ किमी. असेल. सपाट रस्त्यावर तेवढ्या वेगापर्यंत पोचताना क्लचमध्ये जळणारी ऊर्जा साधारण गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते: एकट्या सेडानला ८ किलोजूल, ट्रेलरसह १५. येथवर प्रमाण वजनाचेच आहे. पण १२ टक्के चढावर हिशेब बिघडतो. इंजिनाचा पीळ १३० न्यूटन-मीटर धरला, तर एकट्या गाडीला तोलून धरण्यातच त्यातले सुमारे ३५ जातात, ट्रेलरसह ६८. वेग वाढवायला उरतो निम्म्याहून कमी, त्यामुळे क्लच घसरण्याचा काळ लांबतो. जळणारी ऊर्जा अनुक्रमे ११ आणि ३२ किलोजूलच्या आसपास येते. वजन दुपटीलाही पोचलेले नसते, क्लचची झीज मात्र तिप्पट होते.

चढाचा १२ टक्के हा आकडा वर मुद्दाम घेतला आहे. युरोपीय संघाच्या वाहनमान्यतेच्या नियमांत (पूर्वी २०१२ चा क्रमांक १२३०) ट्रेलरसह पूर्ण भरलेली जोडी किमान १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा उभ्या स्थितीतून सुटली पाहिजे, अशी अट आहे. गाडीच्या कागदपत्रांत छापलेले ‘ब्रेक असलेल्या ट्रेलरचे कमाल वजन’ या अटीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. एकदा चढवून दाखवणे कोणत्याही क्लचला जमते. पाचव्या खेपेला तापलेले अस्तर पकड सोडू लागते आणि राळ जळाल्याचा तो ओळखीचा वास गाडीत येतो. समुद्रसपाटीपासून उंचीवर इंजिनाची ताकद घटते, म्हणून अनेक युरोपीय निर्माते दर १,००० मीटरला जोडीचे एकूण वजन १० टक्क्यांनी कमी धरायला सांगतात.

*अमेरिकी व युरोपीय आकड्यांतील तफावत.* एकाच सेडानला युरोपात १,२०० ते १,५०० किग्रॅ. ओढण्याची परवानगी आणि अमेरिकेत जेमतेम ४५० किग्रॅ. किंवा ‘ट्रेलर जोडू नये’ अशी सूचना, हे नेहमी आढळते. याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले, अमेरिकी कंपन्या कोर्टकचेरीला भितात. दुसरे, तेथे खप ऑटोमॅटिक गाड्यांचा, आणि त्यांच्या तेलाला थंडावा देणारी यंत्रणा सेडानमध्ये तोकडी असते. तिसरे स्पष्टीकरण ट्रेलर जोडायच्या हुकावरच्या भाराचे. पहिल्या दोन्हींत तथ्य असेलही, पण आकड्यांशी मेळ बसतो तो तिसऱ्याचा. अमेरिकी प्रघातानुसार ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकावर यावा लागतो. युरोपात ४ ते ७ टक्के पुरेसा मानतात. सेडानचा मागचा भाग हुकावर साधारण ७५ किग्रॅ. सोसतो. १० टक्क्यांच्या हिशेबाने तेवढ्यात ७५० किग्रॅ. चा आणि १५ टक्क्यांच्या हिशेबाने ५०० किग्रॅ. चाच ट्रेलर बसतो, आणि त्यात सुरक्षेसाठी थोडे मागे सरले की अमेरिकी आकडा हाती येतो. युरोपात याची भरपाई वेगातून केली जाते. जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किमी. आहे. चढावरून सुटण्याची १२ टक्क्यांची परीक्षा अमेरिकेच्या ‘एसएई जे २८०७’ या ओढक्षमता ठरवण्याच्या मानकातही आहे. शिवाय त्यात ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या लांब चढावर, सुमारे ३८ अंश सेल्सियस तापमानात, वातानुकूलन चालू ठेवून जोडी किमान वेगाने चढवावी लागते.

*भाराची मांडणी.* बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर ट्रेलर उलाळ नको आणि फार धुरजडही नको. मागे जड झालेला ट्रेलर हुकाला वर उचलतो आणि वेग वाढताच सापासारखा वळवळू लागतो. एका ठराविक वेगापर्यंत ही वळवळ आपोआप विरते. तो वेग ओलांडला की प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. उलट, पुढे जड झाला तर सेडानची मागची स्प्रिंग दबते. हुक मागच्या आसापासून एक मीटर मागे आणि दोन आसांतील अंतर २.७ मी. धरले, तर हुकावरच्या ७५ किग्रॅ. मुळे मागच्या आसावर सुमारे १०३ किग्रॅ. वाढतात आणि पुढच्या आसावरचे २८ कमी होतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या सेडानला ओल्या चढावर हेच २८ किलो नडतात.

लादलेली मोटार काही सेंटिमीटर पुढे-मागे सरकवून हा तोल साधतात. ट्रेलरच्या आसापासून हुक ४ मी. अंतरावर असेल, तर ९०० किग्रॅ. ची मोटार १० सेंमी. पुढे घेतल्यावर हुकावर सुमारे २२ किग्रॅ. वाढतात. म्हणून योग्य जागा एकदा सापडली की जाणती माणसे ट्रेलरच्या पाटावर खडूची किंवा रंगाची खूण करून ठेवतात. ती खूण त्याच मोटारीपुरती खरी. इंजिन मागे असलेली गाडी चढवली की सगळे पुन्हा मोजावे लागते, किंवा गाडी उलटी चढवावी लागते.

*जोडणी व ब्रेक.* हुकाच्या गोळ्याचा व्यास आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५० मिमी. असतो; अमेरिकेत २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी. हा एक प्रचलित आकार. फरक एका मिलिमीटरहूनही कमी असल्याने एकाची कपलिंग (गोळ्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) दुसऱ्यावर बसल्यासारखी वाटते, आणि ते वाटणेच धोक्याचे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला युरोपात ७५० किग्रॅ. ची मर्यादा आहे. मोटार लादलेला ट्रेलर जवळपास नेहमीच तिच्या वर जातो, त्यामुळे ब्रेक हवाच. सामान्यतः तो रेटा-ब्रेक असतो: पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर तिच्यावर रेलतो आणि त्या रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. मागे घेतानाही रेटा पडतोच. नव्या ट्रेलरांत उलट्या दिशेला ब्रेक आपोआप सुटतात. जुन्यांत खिटी लावायला विसरले, तर सेडान स्वतःच्याच लावलेल्या ब्रेकशी झुंजते, आणि त्याचा भुर्दंड पुन्हा क्लचला.

*चालवणे.* सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये जवळपास रिकाम्या इंजिनावर क्लच सोडून गाडी हलू द्यावी, एक्सेलेटर नंतर. चढावर हँडब्रेकवर गाडी धरून क्लच पकडू लागल्याचा हिसका जाणवल्यावरच हँडब्रेक सोडावा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची शहरी सवय येथे महाग पडते. रिव्हर्सचा पेच वेगळा आहे. त्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तरी गाडी माणसाच्या भरभर चालीने सरकते, आणि ट्रेलर वळवायला तो वेग फार होतो. त्यामुळे क्लच घसरवतच मागे यावे लागते. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर ट्रेलर सोडून हाताने ढकलणे स्वस्त. १९६० च्या दशकापर्यंत अनेक गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत दात्यांचा वेग जुळवून गिअर पडू देणारी रचना) नसे. चढावर दुसऱ्यात इंजिन गुरगुरू लागले की थांबूनच पहिला टाकावा लागे. उतारावर चढाचाच गिअर ठेवतात. ट्रेलर डोलू लागला तर पाय एक्सेलेटरवरून उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावे. वेग वाढवून तो सरळ होतो हा समज चुकीचा आहे.

*परवाने.* युरोपीय संघात ‘बी’ वर्गाच्या परवान्यावर ७५० किग्रॅ. पर्यंतचा ट्रेलर, किंवा जोडीचे अनुज्ञेय वजन ३,५०० किग्रॅ. पर्यंत असल्यास त्याहून जड ट्रेलर ओढता येतो. त्यापुढे ‘बी ९६’ (४,२५० किग्रॅ. पर्यंत) आणि ‘बीई’ या पायऱ्या आहेत.

*लादलेली गाडी.* लादलेली मोटार मॅन्युअल गिअरची असेल तर ती पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढतात, पण भार पट्ट्यांनीच धरायचा असतो. पट्टे चेसिसऐवजी चाकांवरून घेतले तर गाडी स्प्रिंगवर हलली तरी ते सैल पडत नाहीत. ट्रेलरऐवजी दोनच चाके उचलणारी डॉली वापरली आणि इंजिनाने फिरणारी मागची चाके रस्त्यावर राहिली, तर न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा बाहेरचा दंड फिरत राहतो. इंजिन बंद असल्याने खालचा दंड थांबलेला असतो आणि वर तेल उडवणारे कोणी नसते. अशा वेळी प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा दंड, सोडून ठेवतात.