पार्श्वभूमी : बालगृहांच्या तपासण्या आणि ‘अनाथ’ या शब्दाचा गुंता

बालगृहातील गैरप्रकाराची बातमी आली की दोन मागण्या हमखास होतात. जिल्ह्यातील सर्व संस्थांची तपासणी करावी ही पहिली आणि दोषी संस्थांची मान्यता काढून घ्यावी ही दुसरी. गेल्या पंधरा वर्षांत महाराष्ट्राने अशा तपासण्यांच्या अनेक फेऱ्या पाहिल्या. पथक येते, हजेरीपटावरील नावांचा आणि समोर बसलेल्या मुलांचा मेळ घालते, धान्याचा साठा नोंदवहीशी ताडून पाहते, स्वच्छतागृहे मोजते आणि शेरेपुस्तकात शेरा लिहून निघून जाते. मूल मुळात तेथे का आले आणि त्याला परत जाण्यासारखे घर आहे का, हे प्रश्न त्या शेऱ्यात बहुधा नसतात. त्यामुळे बालगृहात कोणते मूल असावे आणि ‘अनाथ’ कोणाला म्हणावे, हा सध्याचा वाद समजून घ्यायचा असेल, तर तपासणी अहवालांपेक्षा कायद्याने आणि शासन निर्णयांनी या मुलांना वेळोवेळी कोणते नाव दिले, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पुण्यात १८६३ मध्ये फुले दांपत्याने सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आणि त्यानंतर बारा वर्षांनी पंढरपुरात सुधारकांनी काढलेला बालकाश्रम, या दोन्ही ठिकाणी येणाऱ्या अनेक अर्भकांची आई जिवंत होती. समाजाने तिला आई म्हणून जगू दिले नव्हते, इतकेच. पुढे १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा बालकायदा झाला आणि सरकारने मुलांना ताब्यात घेण्याची रीत बसवली. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये १०१ दिवस ज्या डोंगरीच्या तुरुंगात काढले, त्याच इमारतीत नंतर मुलांचे ‘रिमांड होम’ आले. कायद्याने त्याला निरीक्षणगृह म्हणायला सुरुवात करून कित्येक वर्षे लोटली, तरी लोकांच्या तोंडी रिमांड होमच राहिले आणि मुंबईतील खोडकर मुलांना ‘डोंगरीला पाठवीन’ ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या ऐकावी लागली.

देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा १९८६ मध्ये आला. त्यात मुलांचे दोन गट होते : उपेक्षित आणि अपचारी, म्हणजे गुन्हा केलेली. २००० च्या कायद्याने हे शब्द बाजूला सारून ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ अशी नावे दिली. पहिल्या गटातील मुलांचे निर्णय घेण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली बालकल्याण समिती नेमण्याची तरतूदही याच कायद्यातील. नव्या नावामागील हेतू चांगला होता, कारण ‘उपेक्षित’ हा शिक्का होता आणि ‘गरज असलेले’ यात हक्काची भाषा होती. मात्र हा शब्दप्रयोग इतका ऐसपैस होता की गरिबी आणि असुरक्षितता यांतील रेघ त्यात पुसट झाली. बेघर मूल, उदरनिर्वाहाचे साधन नसलेले मूल, सांभाळ करण्यास पालक असमर्थ असलेले मूल, हे सारे त्यात बसत होते. आणि दुष्काळी तालुक्यात असे कोणते घर असते, ज्याच्याबद्दल हे म्हणता येणार नाही?

मराठवाड्यात याचा परिणाम ठळकपणे दिसला. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली मुले आजीजवळ, हंगामी वसतिगृहात किंवा अनुदानित बालगृहात राहतात. बालगृहातील प्रवेशासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो, आदेशासाठी गृहचौकशी अहवाल लागतो आणि अहवालात ‘पालक सांभाळ करण्यास असमर्थ’ एवढे वाक्य पुरते. अशा रीतीने बालगृहाने वसतिगृहाचे काम अंगावर घेतले. संस्थाचालकांच्या दृष्टीने मान्य संख्या भरणे महत्त्वाचे होते, कारण अनुदान दरडोई होते. महिला व बालविकास विभागाच्या दृष्टीने मुलांना दोन वेळचे जेवण आणि शाळा मिळत होती. पालकांच्या दृष्टीने तर हा मोठाच आधार होता. तिघांचीही सोय झाल्यामुळे या व्यवस्थेला बालसंरक्षण म्हणावे का, हे कोणी फारसे विचारले नाही. यात केवळ संस्थाचालकांना दोष देणे सोपे आहे, पण ते अर्धवट ठरेल.

धक्का बसला तो वेगळ्या दिशेने. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील कुपोषण आणि मृत्यूंच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली. पनवेलजवळच्या कळंबोली येथील गृहातील मुलींवरील अत्याचारांचे प्रकरण पुढच्याच वर्षी उघडकीस आले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून राज्यातील अशा गृहांची पाहणी करायला लावली. त्या काळातील सुधारणांचा भर साहजिकच भिंतींच्या आतील सुरक्षिततेवर राहिला : महिला कर्मचारी, वैद्यकीय तपासणी, भेटींच्या नोंदी, तक्रारपेटी.

२०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि त्याने हाच धागा पुढे नेला. प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीविना संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या. तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावी आणि पथकातील किमान तिघांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा, असे बंधन आले. तरीही बिहारमधील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील मुलींवरील अत्याचारांचे प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आले, ते या नेहमीच्या तपासणीतून नव्हे. राज्य सरकारने मुंबईतील एका सामाजिक संशोधन संस्थेच्या पथकाकडून ११० संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण करून घेतले होते. ते पथक मुलींशी बोलले, आणि त्या बोलण्यातून प्रकरण उघड झाले. नोंदवह्या तेथेही होत्या.

त्याच सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीत ९,५८९ संस्था आणि त्यांत पावणेचार लाखांहून अधिक मुले असल्याचे दिसले. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुले एकल पालकांची होती. दोन वर्षांनी टाळेबंदीत या आकड्याला जणू प्रत्यक्ष पुरावाच मिळाला. सर्वोच्च न्यायालयासमोर डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या माहितीनुसार संस्थांतील २,२७,५१८ मुलांपैकी १,४५,७८८ मुले पालकांकडे किंवा नातेवाइकांकडे परत पाठवण्यात आली होती. म्हणजे दर पाचांतील तिघांना जायला घर होते. तत्पूर्वी सप्टेंबरमध्ये एका केंद्रीय आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना पत्र लिहून पालक असलेल्या मुलांना १०० दिवसांत घरी पाठवण्यास सांगितले होते. त्यावर संस्था आणि कार्यकर्ते यांच्यात उघड दोन तट पडले. मुलाचा पहिला हक्क कुटुंबावर आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. तारीख ठरवून सरसकट पाठवणी करणे म्हणजे प्रत्येक मुलाची स्वतंत्र चौकशी गुंडाळणे, असे दुसऱ्या बाजूचे. दुसरी बाजू अधिक पटणारी आहे, कारण ज्या घरातून मूल मारहाणीमुळे पळून आले आणि ज्या घरातून ते केवळ शाळेसाठी आले, त्या दोन घरांत पत्राने फरक केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्यांनी दरमहा २,००० रुपये देण्याचा आदेश दिला.

महाराष्ट्राकडे घरी राहणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आधीपासून होती, पण तिची रक्कम दीर्घकाळ दरमहा ४२५ रुपये होती. २०२१ मध्ये ती १,१०० झाली आणि नंतर २,२५० रुपये होऊन योजनेला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. संस्थेत मूल ठेवले तर सरकार किती खर्च करते आणि तेच मूल आजीजवळ राहिले तर किती, या दोन रकमांतील तफावत हे बालगृहे भरलेली राहण्याचे एक साधे कारण होते.

इथपर्यंतच्या वादात ‘अनाथ’ हा शब्द फारसा नव्हता. तो मध्यभागी आला तो नोकरीतील आरक्षणामुळे. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसलेल्या, संस्थेत वाढलेल्या एका तरुणीकडे पालकांचे उत्पन्न मर्यादेत असल्याचे, म्हणजे नॉन-क्रिमिलेअर, प्रमाणपत्र नव्हते, आणि ज्याला उत्पन्न दाखवायला पालकच नाहीत त्याने ते आणावे कोठून, असा प्रश्न उभा राहिला. मंत्रिमंडळाने जानेवारी २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण मान्य केले. २ एप्रिलला शासन निर्णय निघाला. निर्णयाचे स्वागत झाले, पण त्यातील अट अशी होती की मुलाच्या कागदपत्रांवर जातीचा उल्लेख नसावा आणि आई-वडील, काका-काकू, आजी-आजोबा, चुलत भावंडे यांच्यापैकी कोणाचीही माहिती उपलब्ध नसावी. आई-वडील वारले पण दाखल्यावर जात लिहिली गेली, असे मूल या अटीत बसत नव्हते. एका दूरच्या काकाचा पत्ता नोंदवहीत लिहिणारा प्रामाणिक अधीक्षक नकळत त्या मुलाचे नुकसान करत होता.

२०१५ च्या केंद्रीय कायद्यातील व्याख्या मात्र निराळी आहे. त्यानुसार जन्मदाते किंवा दत्तक पालक वा कायदेशीर पालक नसलेले बालक अनाथ असतेच. पण ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तेही अनाथच. याशिवाय पालकांनी टाकून दिलेल्या, म्हणजे ‘परित्यक्त’, बालकाची व्याख्या वेगळी आहे. ते परित्यक्त असल्याचे बालकल्याण समितीने चौकशीअंती जाहीर करावे लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तळाशी, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, एका तान्ह्या बाळाचे धूसर छायाचित्र आणि पालकांनी संपर्क साधण्याचे आवाहन छापलेले असते; ती जाहिरात याच चौकशीचा भाग होय. मुदतीत कोणी आले नाही की बाळ दत्तकासाठी मोकळे होते. पण दत्तक न गेलेले तेच बाळ अठरा वर्षांचे होऊन बाहेर पडले की ते अनाथ ठरेल का, हे त्या जाहिरातीने ठरत नाही.

२३ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने यावर उपाय म्हणून अ, ब आणि क असे तीन प्रवर्ग केले. ज्यांच्याबद्दल काहीच माहिती नाही ते ‘अ’, पालक हयात नाहीत आणि संस्थेत वाढले ते ‘ब’, पालक गमावल्यावर नातेवाइकांनी वाढवले ते ‘क’. करोनाने शेकडो मुलांचे दोन्ही पालक नेल्यानंतरचा तो काळ होता, त्यामुळे ‘क’ वर्गाचा समावेश झाल्याचे अनेकांना समाधान वाटले. संस्थांतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या गटांनी मात्र नाराजी नोंदवली : मामाच्या घरी, आडनावासह वाढलेला उमेदवार आणि ज्याच्या आडनावाचाच पत्ता नाही असा उमेदवार, हे दोघे एकाच टक्क्यासाठी रांगेत उभे राहणार होते. त्यांची तक्रार स्वार्थी म्हणून झटकली गेली, ते योग्य नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये तिन्ही अक्षरे जाऊन ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ असे दोन प्रवर्ग आले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयासमोर एका स्वयंसेवी संस्थेची याचिका होती. तिच्या देखरेखीखालील दोन मुली परित्यक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळावे, म्हणजे त्यांना पुढे आरक्षणाचा लाभ घेता येईल, अशी मागणी होती. सरकारी पक्षाने भूमिका घेतली की हे आरक्षण अनाथांसाठी आहे, परित्यक्त मुलांसाठी नाही. अनाथ आणि परित्यक्त मुलांत फरक काय, असे न्यायालयाने विचारले.