७०० नॅनोसेकंदांचा डंख

नाशिकला समुद्र नाही, तरी जेलीफिशच्या हत्याराशी इथल्या सायन्सच्या मुलांची ओळख प्रॅक्टिकलमध्येच होते. सूक्ष्मदर्शकाखालचा हायड्रा आठवा. गोड्या पाण्यात राहणारा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा जीव जेलीफिशचाच भाऊबंद. त्याच्या शुंडकांवर बारीक फोडांसारखे उंचवटे दिसतात ना, ते दंशपेशींचे पुंजके.

प्रत्येक दंशपेशीत एक कुपी, आणि कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी. आत पॉलिग्लुटामेट नावाचं रसायन ठासून भरलेलं असतं. ते पाणी ओढून घेतं आणि दाब वातावरणाच्या सुमारे १५० पट चढतो. आपल्या कारच्या टायरात हवा भरतो ती दोन-सव्वादोन पट! तरी कुपी फुटत नाही, कारण तिची भिंत कोलॅजन या चिवट प्रथिनाची, आणि त्यातले रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जखडलेले. स्पर्श होताच झाकण उघडतं आणि नळी उलटी होत बाहेर झेपावते. जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये हा मारा कॅमेऱ्यात टिपला, तो हायड्राचाच. सर्वांत वेगवान टप्पा अवघ्या ७०० नॅनोसेकंदांचा (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त.

नळीतून येणारं विष मुख्यतः प्रथिनांचं. त्यातली काही पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात, मग आतलं पोटॅशियम बाहेर गळतं. ऑस्ट्रेलियातल्या बॉक्स जेलीफिशचा मोठा डंख बसला तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात जुहूला वाहून येणारी ब्लूबॉटल तेवढी घातक नाही (ती खरी जेलीफिशही नाही, अनेक जीवांची वसाहत आहे), पण आग भयंकर होते.

कुपी उडायला मेंदूचा हुकूम लागत नाही. त्यामुळे वाळूत मरून पडलेली ब्लूबॉटलही डसते. डंख बसला की आपला हात आधी बिसलेरीच्या बाटलीकडे जातो, तेच टाळायचं. गोड्या पाण्याने त्वचेवर उरलेल्या कुप्याही उडू शकतात. चोळणं, लघवीचा उपाय, सगळं बाद. ब्लूबॉटल असेल तर चिकटलेले धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि तो भाग साधारण ४५ अंश गरम पाण्यात २० मिनिटं बुडवा, म्हणजे वेदना उतरते. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशच्या न उडालेल्या कुप्या निकामी करतं, पण ब्लूबॉटलसाठी ऑस्ट्रेलियातले तज्ज्ञ ते वापरू नका म्हणतात. धाप लागली किंवा छातीत दुखायला लागलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.