कॅट मारू का पेस्ट? फायली जोडायच्या आधी हे बघा

फायली एकत्र करायच्यात म्हटलं की लिनक्सवाला लगेच म्हणतो कॅट (cat ही कमांड) मार. पण एकत्र म्हणजे एकाखाली एक का शेजारी शेजारी हे कुणी विचारतच नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

समजा ‘नावं’ या फाइलमधे तीन ओळी आहेत, आशा, बाळू, चित्रा, आणि ‘मार्क’मधे 40, 55, 62. कॅटला दोन्ही दिल्या की सहा ओळी येतात, आधी सगळी नावं मग सगळे आकडे. पेस्ट (paste) या दुसऱ्या कमांडला दिल्या तर तीनच, आशापुढे टॅब आणि 40, बाळूपुढे 55, असं. टॅब नको असेल तर मायनस डी (-d) लावून स्वल्पविराम द्या, झाली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली फाइल. (कॉपी-पेस्टवाल्या पेस्टशी याचा काही संबंध नाही बरं का.)

कॅट तसा भोळा, आलेलं जसंच्या तसं पुढे ओततो. ‘नावं’च्या शेवटी एंटर मारायचा राहिला असेल तर मधेच ‘चित्रा40’ अशी चिकटलेली ओळ मिळते. स्टार (*) देऊन सगळ्या फायली एकदम उचलल्या तर भाग10 हा भाग2 च्या आधी येतो, म्हणून पहिल्यापासून भाग02 असं नाव द्यायचं. आणि मी स्वतः केलेला गाढवपणा सांगतो, कॅटला ‘एक’ आणि ‘दोन’ नावाच्या फायली दिल्या आणि बाण (>) देऊन आउटपुट परत ‘एक’मधेच टाकलं. शेल, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, कमांड चालू व्हायच्या आधीच ती फाइल रिकामी करतो, सकाळपासून लिहिलेलं सगळं गेलं. तिथे फक्त ‘दोन’ला कॅट करून दोन बाणांनी (>>) ‘एक’च्या शेपटाला जोडायचं होतं.

पेस्टची चूक मात्र पटकन दिसत पण नाही. तो फक्त ओळ नंबर बघतो, कोण कुणाचं त्याला काय माहीत. बाळू गैरहजर म्हणून कुणी मार्कमधली त्याची ओळच उडवली, तर चित्राचे 62 बाळूच्या नावावर जातात आणि चित्रापुढे नुसती रिकामी जागा, एरर वगैरे काही नाही. म्हणून मी तरी पेस्टच्या आधी डब्ल्यूसी मायनस एल (wc -l) मारून दोन्हीकडच्या ओळी मोजतोच.

नावावरूनच जुळवायचं असेल तर जॉइन (join) ही कमांड आहे, पण त्याला नाव दोन्ही फायलींत लागतं आणि दोन्ही सॉर्ट केलेल्या लागतात. न जुळलेल्या ओळी तो गाळून टाकतो, पहिल्या फाइलमधल्या तशा ओळी पण हव्या असतील तर मायनस ए 1 (-a 1) लावायचं.