कोटीची कुळकथा

गणपतीचे दहा दिवस पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मोदकांवरच्या कोट्यांना ऊत येतो. एखादी जमते, बाकीच्यांना ‘पीजे’ म्हणून नाकं मुरडली जातात. मोदकावरची एक फार जुनी कोटी मात्र पैठणची आहे, आणि जिच्या तोंडून ती निघाली तिला कोटी करायचीच नव्हती.

अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ही गोष्ट येते. प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडेत रंगला होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी म्हणाली, ‘मोदकैः’ मारा. म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्याने नको. राजाला संधी काही सोडवता आला नाही. त्याने झटपट मोदक मागवले! राणी हसली आणि राजाने लाजेने अंथरूण धरलं. दरबारातल्या शर्ववर्मा पंडिताने त्याला सहा महिन्यांत व्याकरण शिकवण्याची पैज घेतली, त्यातून ‘कातंत्र’ व्याकरण आलं. ते अशक्य म्हणून पैज हरलेल्या गुणाढ्य या दुसऱ्या पंडिताने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या आणि ‘बृहत्कथा’ पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या म्हटल्या जाणाऱ्या भाषेत, लिहिली. दंतकथाच ही, पण एका फसलेल्या संधीच्या खात्यावर दोन मोठे ग्रंथ टाकावेसे वाटले, यातच शब्दाच्या फोडीचा दबदबा दिसतो.

अशी फोड करून दुसरा अर्थ काढण्याला आपल्याकडे सभंग श्लेष म्हणतात. ग्रीकांकडे हे काम स्वप्नं सांगणारे करत. इ.स.पू. 332 मध्ये अलेक्झांडर टायर शहराला (पंक्चरवाल्यांचा संबंध नाही) वेढा घालून महिनोन्‌महिने बसला होता. स्वप्नात त्याला सॅटिरॉस, म्हणजे रानातला एक अर्धपशू देव, ढालीवर नाचताना दिसला. त्याच्या अ‍ॅरिस्टँडर नावाच्या भविष्यवेत्त्याने शब्द तोडून दाखवला: ‘सा टिरॉस’, टायर तुझंच. शहर पडलं. हिब्रू बायबलात यिर्मया या संदेष्ट्याला बदामाची डहाळी दिसते, ‘शाकेद’. त्यावर देव सांगतो, माझा शब्द खरा करायला मी ‘शोकेद’, टपून बसलो आहे. इथे कुणी हसत नाही. कोटी ही तेव्हा शकुनाची बाब होती.

आपल्या पंडितांनी तिला कसोटी केलं. ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः’, केशव पडलेला पाहून द्रोण हरखला, असा एक जुना कूट आहे. उकल अशी: ‘के शवं’ म्हणजे पाण्यातलं प्रेत, आणि द्रोण म्हणजे डोमकावळा. लेखणी थांबू न देण्याची अट घालणाऱ्या गणपतीला क्षणभर अडकवायला व्यासांनी असेच श्लोक पेरले म्हणतात. परंपरा आकडा सांगते 8800. गंमत म्हणजे पुण्याच्याच भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. विसर्जन म्हणायला हरकत नाही.

पुढे या खेळाची कसरत झाली. संध्याकर नंदीच्या ‘रामचरिता’त एका अर्थाने अयोध्येचा राम, दुसऱ्या अर्थाने बंगालचा राजा रामपाल. कविराजाच्या ‘राघवपांडवीया’त तर तेच श्लोक रामायणही सांगतात आणि महाभारतही. बारामतीच्या मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं: वाचताना ओठाला ओठ लागायचा नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. ‘म’ गेला की रामाचं नावही गेलं! असलं काव्य वाचताना मला तरी कवीपेक्षा मल्लच आठवतो.

कोटीला हलकी लेखणारे इंग्लंडमध्येही होते. शेक्सपिअरचा शब्दखेळाचा सोस समीक्षक डॉ. जॉन्सन यांना 1765 मध्येही सहन होत नव्हता. पण 1844 साली ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने सिंध जिंकणाऱ्या नेपियरच्या तोंडी एकच लॅटिन शब्द घातला, ‘पेक्कावी’, म्हणजे ‘मी पाप केलं’. इंग्रजीत ते ‘आय हॅव सिन्ड’, कानाला ‘सिंध माझं झालं’. ही करामत कॅथरीन विंकवर्थ या विशीही न गाठलेल्या मुलीची. लोक मात्र अजून ती नेपियरचीच समजतात.

मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी कोटीला विनोदाच्या गादीवर बसवलं. आजचा ‘पीजे’ त्याच घराण्यातला, वाया गेलेला. त्याच सुमारास दुहेरी अर्थाचा धारदार उपयोग ‘केसरी’तले खाडिलकर करत होते. 1907 च्या त्यांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि द्रौपदीत हिंदभूमी. सरकारलाही ते उशिरा का होईना दिसलं, आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली.

सरकारांना दुसऱ्या अर्थाची धास्ती आजही आहे. चीनच्या प्रसारण खात्याने 2014 मध्ये वाहिन्या आणि जाहिरातींतल्या शब्दखेळांना मनाई केली. कारण दिलं, मुलांची भाषा बिघडते. तिथे नववर्षाला दारावर ‘सुख’ हे अक्षर मुद्दाम उलटं चिकटवतात, कारण ‘उलटं’ आणि ‘आलं’ यांचा उच्चार एकच. ते काही अजून कुणी सुलटं केलेलं नाही.